व्हरांड्याकडे तोंड करून

परवाच्या शनिवारी मी माझ्या मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, भर मैदानात, परक्या माणसांच्या आणि पिंजऱ्यांतल्या सगळ्या कुत्र्यांच्या देखत, तोंडावर नको ते बोललो. मोठ्यानं बोललो. इतक्या मोठ्यानं, की पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या हातातला मक्याच्या लाह्यांचा पुडा खाली पडला. असं काहीही झालेलं नाही. मी एका कुत्रीला हाक मारली. कुणीही विचारलं तर मी हेच सांगणार, आणि मोठेबाबांना विचारलंत तर तेही हेच सांगतील. आमच्या घराण्याचं एकमत असलेली ही एकमेव गोष्ट आहे.

मी अंत्यविधीचा विमा विकणाऱ्या एका कंपनीत, तक्रार विभागात आहे. काम हलकं आहे. ज्यांना खरोखर तक्रार करण्यासारखं काही असतं ते येऊ शकत नाहीत, आणि जे येतात त्यांना शवपेटीची कडी हलत होती, अंत्ययात्रेच्या बसमधला गाणारा बेसूर होता, एवढंच म्हणायचं असतं. मी लिहून घेतो, शिक्का मारतो, काही हरकत नाही म्हणतो. हे शेवटचं मी मुद्दाम म्हणत नाही. ते माझं नावच आहे. हाझ्विनेई, म्हणजे आमच्या भाषेत, काही हरकत नाही. या वर्षी कंपनीच्या वरच्या लोकांना समाजसेवेची उबळ आली आणि तक्रार विभाग रिकामाच बसलेला असतो म्हणून दर शनिवारी मला माझोवेच्या रस्त्यावरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात सेवेला पाठवायचं ठरलं. हिरवा टी-शर्ट दिला. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'शेवटपर्यंत तुमच्यासोबत'. हा टी-शर्ट घालून मी कुत्री फिरवतो. ज्यांना कुणी घरी नेत नाही त्यांना तिथं गुरुवारी कायमचं झोपवायची सुई देतात, त्यामुळं जाहिरात म्हणून नाही तरी वर्णन म्हणून ते वाक्य अगदी खरं आहे. कुत्र्यांना वाचता येत नाही हे बरंय. दत्तक घ्यायला आलेल्या माणसांना येतं. ती माझ्या पुढून येऊन बोलतात, मी वळलो की गप्प होतात.

निवारा मिसेस गोम्बेरा चालवतात. वीस वर्षं परदेशात, लीड्सला, नर्स होत्या, पेन्शन घेऊन परत आल्या आणि इथल्या कुत्र्यांचे हाल बघून त्यांना रडू आलं. त्यांचं रडू खरं आहे, मी पाहिलंय, आणि त्याचाही मला राग येतो. त्यांचा पहिला नियम, आलेल्या कुत्र्याचं जुनं नाव टाकायचं. नवं नाव, नवं आयुष्य. मफिन. डचेस. कुकी. रुदाइरो नावाची कॉलेजातली एक मुलगी तिथं रोज येते, ती प्रत्येक पिंजऱ्यावर पाटी रंगवते आणि नावाच्या बाजूला फूल काढते. आता मिसेस गोम्बेरांची आजी मुतोकोच्या खेड्यात होती, हे त्याच सांगतात. ती आजी काय कुत्र्याला मफिन म्हणत होती? ती ज्या शेजारणीशी बोलत नव्हती तिला जे सांगायचं ते नाव कुत्र्याला ठेवत असणार, आणि रोज तिन्हीसांजेला कुंपणापाशी उभी राहून त्याला जेवायला बोलावत असणार. सगळे हेच करत. आमच्याकडे माणसाला आदरानं हाक मारायची तर त्याच्या देवकाच्या जनावराचं नाव घेतात आणि जनावराला हाक मारायची तर माणसाला म्हणायचं ते म्हणतात. आमचं देवक वानर. म्हणून मला बँकेतला शिपाईसुद्धा अदबीनं 'सोको' म्हणतो, वानरा, या, बसा. आणि कुत्रं 'तुम्हाला लाज कशी नाही' या नावानं उंडारत असतं. ही व्यवस्था चांगली आहे असं मी म्हणत नाही. पण व्यवस्था आहे. ती पुसून तिच्यावर पिवळं फूल काढायचं म्हणजे माझं डोकं फिरतं.

तर त्या आधीच्या शनिवारी मी बादली घेऊन मागच्या रांगेत गेलो आणि शेवटच्या पिंजऱ्यावर नवी पाटी दिसली. 'हनी'. बाजूला झेंडूसारखं काहीतरी. आत, सिमेंटवर, माझ्या वडिलांची कुत्री पडली होती. डावा कान तळाशी फाटलेला, पुढच्या एका पायाला पांढरा मोजा. माझ्या हातातली बादली खाली ठेवली गेली, आणि मला आधी कसला वास आला तर लाल पॉलिशचा. कंबुझुमातल्या आमच्या आवारातल्या पुढच्या घराच्या व्हरांड्याला मोठेबाबा दर रविवारी लाल पॉलिश करत, इतकं गुळगुळीत की पाहुणे त्यावरून चालायला घाबरत. एकच आवार. पुढं घर, ते मोठेबाबांचं. मागं दोन खोल्या, त्या आमच्या. आजी गेली तेव्हा घर दोघा भावांना, असं ती म्हणून गेली होती. पण दिवस उरकेपर्यंत मोठेबाबांचा पलंग पुढच्या घरात लागला होता. थोरला म्हणून. वडील थोरल्या भावासमोर आवाज चढवणारे नव्हते. कुणीच नसतं. वडील म्हणाले, काही हरकत नाही. आणि त्याच महिन्यात मी जन्मलो.

माझ्यानंतर आला तो 'पाहू या'. तपकिरी, आखूड शेपटीचा कुत्रा, मी त्याच्यासोबत रांगलो. मग 'लाज कशी नाही', तो ट्रकखाली गेला. मग ही. 'थकाल'. थकाल तुम्ही. 'थकशील' नव्हे; थोरला भाऊ आहे, अरे-तुरे कसं करणार? रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला वडील साद्झाची, मक्याच्या घट्ट उकडीची, खरवड आणि सुक्या मासळीचं पाणी ॲल्युमिनियमच्या ताटलीत घेऊन मागच्या दारात उभे राहत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "थकाल! ए थकाल! कुठं आहात? थकाल!" पुढं व्हरांड्यात मोठेबाबा खुर्चीत बसलेले. त्यांनी ऐकायचं नाही. ऐकलं असं दाखवलं तर ते आपल्याला आहे हे कबूल केल्यासारखं. म्हणून ते रेडिओ मोठा करत. मग त्यांनीही एक कुत्रा आणला, 'माझंच आहे', आणि दोन्ही बाजूंनी हाका सुरू झाल्या. थकाल! माझंच आहे! थकाल! माझंच आहे! माणसं कामावरून परतताना आमच्या फाटकाशी क्षणभर थांबत, कोण जिंकतंय बघायला. दोघा भावांचं एकमेकांशी बोलणं सकाळी नमस्काराचं, काय सोको, बरं का सोको, आणि संध्याकाळी हे. वडील या वर्षीच्या थंडीत गेले. अंत्यविधीला मोठेबाबा असे रडले, की आमच्या कंपनीच्या सोनेरी योजनेतही रडणारे समाविष्ट नाहीत हे मला आठवलं आणि वाटलं, असते तर याहून चांगले मिळाले नसते. कबरीपाशी त्यांनी मला जवळ घेतलं, आता मीच तुझा बाप, म्हणाले. तसंच असतं आमच्यात. नात्यानं ते आता माझे वडीलच. दोन खोल्यांना पंधरवड्यात भाडेकरू आले. कुत्री कुठं गेली, मी विचारलं. पळाली, म्हणाले. दुःखानं.

मिसेस गोम्बेरा मागून आल्या. "अरे वा, हनी आवडली वाटतं! बिचारीचं कठीण आहे रे. हाकेला येतच नाही." त्यांनी दार उघडलं, गुडघ्यांवर बसल्या, कुत्रीचं तोंड हातात धरलं, तिच्या डोळ्यांत प्रेमानं बघितलं आणि गोड आवाजात "हनी? हनी?" म्हणाल्या. थकालनं त्यांच्याकडं, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं बघितलं, सभ्यपणे. "बघ. बहिरी असेल, नाहीतर मनानं गेलेली. जी हाकेला येत नाही ती मी कुणाच्या घरात कशी देऊ? मुलं असतात लोकांना. पुढच्या शनिवारी दत्तक मेळावा आहे, तेव्हा सगळ्यांसमोर शेवटचं बघायचं. नाहीच आली तर," आणि त्या उठल्या, गुडघे झाडले, "गुरुवारी डॉक्टर आहेतच."

"कुणी आणून सोडली, मॅडम?"

"एक वयस्कर गृहस्थ. कोट घातलेले, फार अदबशीर. नाव विचारलं तर म्हणाले, नाव नाही. मी म्हटलं, इतकी वर्षं पाळली आणि नाव नाही? तर खाली बघत राहिले. गरीब बिचारे, विसरले असतील."

विसरले असतील. मी हसलो, माझा चेहरा अशा वेळी आपोआप हसतो, त्याबद्दल मला लहानपणी पुष्कळ मार बसलाय. नाव सांगायचं म्हणजे स्वतःच्या तोंडानं, परक्या बाईला, स्वतःबद्दल म्हणायचं, थकाल तुम्ही. मागच्या खोलीतल्या भाडेकरणीनं विचारलं असेल, आजोबा, कुत्रीला काय म्हणायचं? तिला सांगितलं असतं तर उद्यापासून ती भाडेकरीण उंबऱ्यात उभी राहून घरमालकाला थकाल म्हणाली असती, भाडं देऊन. म्हणून हा माणूस कुत्रीला कोम्बीत, त्या खच्चून भरलेल्या छोट्या बसमध्ये, घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला आला आणि तिला बिननावाची करून टाकून गेला. एक शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून एक जीव. आणि त्या शब्दावर वडिलांनी अकरा वर्षं खर्च केली होती. मला इतका राग आला की मी बादली उचलली आणि सगळे पिंजरे दोनदा धुतले. मफिनला आंघोळ झाली. तिला तो राग आहे हे कळलं नाही, ती शेपटी हलवत राहिली.

सगळे जेवायला गेल्यावर मी थकालच्या पिंजऱ्यात जाऊन बसलो. तिनं माझे बूट हुंगले, ओळखलं, आणि पुन्हा हनुवटी जमिनीला लावली. मी तिच्या कानाशी हळूच म्हटलं, "थकाल." एक कान उठला. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. मागं भिंत आणि पाण्याचा ड्रम. मी थोडं मोठ्यानं म्हटलं. पुन्हा तेच, मान वाकडी करून माझ्या मागं बघते, कुणीतरी तिथं बसलेलं असायला हवं तसं, आणि कुणी नाही म्हटल्यावर परत पडते. तिसऱ्यांदा म्हणणार तेवढ्यात जाळीपाशी रुदाइरो.

"काय रे काही-हरकत-नाही, कुत्रीच्या कानात काय सांगतोस? पॉलिसी विकतोयस?"

मी तिला सांगितलं. सगळं नाही, पण नाव आणि व्हरांडा. ती इतकी हसली की तिच्या हातातल्या ब्रशाचा पिवळा रंग तिच्याच कपाळाला लागला. "अरे मग झालं की! शनिवारी तू हाक मार, येईल, सुटली. एवढंसं तोंड का केलंयस?"

"माझ्याकडं बघतच नाही ती. आणि मी मारली हाक तर ते भांडण माझं होतं. मोठेबाबा आता माझे वडील आहेत."

"आणि नाही मारलीस तर?"

"गुरुवार."

"मग तुला नक्की कशाची भीती वाटते? कुत्री येणार नाही याची, की म्हातारा ऐकेल याची?"

"म्हातारा ऐकणार नाही याची," मी म्हणालो, आणि मलाच नवल वाटलं, कारण ते खरं होतं. मला ती नुसती वाचायला नको होती. मोठेबाबांच्या कानावर पडून वाचायला हवी होती. मागच्या भिंतीला आणि पाण्याच्या ड्रमला थकाल म्हणण्यात मला काडीचा रस नव्हता. रुदाइरोनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "तुमच्या घरी कुत्री कशाला पाळता रे? पत्रं लिहीत जा," म्हणाली आणि कपाळ पुसत गेली.

त्या संध्याकाळी मी मोठेबाबांना फोन केला. मी राहतो त्या भागाचं नाव वॉटरफॉल्स. धबधबा सोडा, नळालाही पाणी नसतं. त्या रात्री वीजही नव्हती, त्यामुळं घरमालकिणीच्या भिंतीवरची 'कुत्री, मांजरं, पाहुणे चालणार नाहीत' ही पाटी दिसत नव्हती, तेवढाच दिलासा. "मोठेबाबा, कुत्री सापडली."

"कुठली कुत्री?"

"बाबांची."

"ती पळाली ना रे सोको."

"पळत पळत माझोवेच्या रस्त्याला गेली. कोट घालून एक गृहस्थ बरोबर होते." मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी या आणि त्यांना नाव सांगा. नाहीतर त्यानंतरच्या गुरुवारी मारतील तिला."

मग, "मला कुठं माहीत आहे तिचं नाव? तुझा बाप काहीतरी ओरडायचा. रेडिओ चालू असायचा माझा." आणि फोन ठेवला.

तो आठवडा मी ऑफिसात बसून काढला. तक्रार एकच आली, फुलं कोमेजलेली होती. मी शिक्का मारून वर पाठवली. बाहेर नीलमोहर फुलून रस्ते जांभळे झाले होते, उकाड्यानं डांबर बुटाला चिकटत होतं, आणि मला सारखी एक संध्याकाळ आठवत होती. मी सात-आठ वर्षांचा असेन. तारेची मोटार केली होती मी, लांब दांड्याची, बाटल्यांच्या झाकणांची चाकं, ती घेऊन आवारात पळवत होतो. मागच्या दारातून वडील ओरडले, "हाझ्विनेई! हाझ्विनेई!" मी मोटार टाकून धावत गेलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो. आलो बाबा. ते माझ्या डोक्यावरून पुढं बघत होते. व्हरांड्याकडं. तिथं रेडिओचा आवाज वाढला. वडिलांचा चेहरा सैल पडला, काम झाल्यासारखा, आणि मग त्यांना मी दिसलो. "हं? काय रे?" ते म्हणाले. "तुम्ही बोलावलंत." "मी? हां. जा, खेळ." मी गेलो, खेळलो. तेव्हा काही वाटलं नाही. काही हरकत नाही. आता मात्र शवपेट्यांच्या रंगीत पत्रकांसमोर बसून मला कळत होतं की 'पाहू या'च्या आधी, 'लाज कशी नाही'च्या आधी, पहिला नंबर माझा होता. मी त्या ओळीतला थोरला. फरक एवढाच, की मला शाळेत घातलं. बाबांनी आयुष्यात मला हजारो हाका मारल्या असतील. त्यांतली एक तरी माझ्याकडं तोंड करून होती का, हे आठवायचा मी मंगळवार, बुधवार, गुरुवार प्रयत्न केला. गुरुवारी दुपारी डॉक्टर तिकडं सुया भरत असतील, या आठवड्याच्या. शुक्रवारी मी साहेबांना म्हणालो, मला एक तक्रार नोंदवायची आहे. ते म्हणाले, तू कर्मचारी आहेस, तुला फक्त समाधान नोंदवता येतं.

शनिवारी मेळाव्याला गर्दी चिक्कार. शाळेची मैदानं बंद असली की लोक कुठंही येतात. लाह्या, संत्र्याचं सरबत, पोरांची रडारड, आणि मध्ये दोरी लावून केलेलं रिंगण. एकेक कुत्रं आणायचं, मिसेस गोम्बेरा पलीकडून हाक मारणार, ते धावत गेलं की टाळ्या, आणि कुणीतरी हात वर करणार. मफिन गेली. डचेस गेली, बॉरोडेलच्या एका दाताच्या डॉक्टरकडं. मी दोरीशी उभा होतो, पाठीवर शेवटपर्यंत तुमच्यासोबत, आणि फाटकातून मोठेबाबा आले. चर्चचा कोट, त्या उन्हात, वरचं बटण लावलेलं. हातात जेवणाचा डबा.

"सोको," ते म्हणाले.

"सोको," मी म्हणालो. दोन वानरं एकमेकांना अदबीनं भेटली. मी डब्याकडं बघितलं.

"साद्झा आहे. आणि थोडी मासळी. हे लोक दुकानातले कोरडे खडे घालतात म्हणे खायला. ती खात नाही तसलं." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "तुझ्या बापाला सांगायचो मी, मीठ कमी घाल तिच्या जेवणात."

"कधी सांगायचात? तुम्ही बोलत नव्हता."

"मनात म्हणायचो."

मला वाटलं मी तिथंच हसेन आणि थांबणारच नाही. ते दोरीला हात लावून उभे राहिले, त्यांच्या नखांत अजून लाल पॉलिश होतं, आणि माझ्याकडं न बघता बोलू लागले. "झोप येत नाही रे. सात वाजतात. मी खुर्चीत बसतो. रेडिओ लावतो. पण मोठा कशासाठी करायचा? कशावर मोठा करायचा? 'माझंच आहे'सुद्धा भुंकत नाही, मागच्या दाराशी जाऊन बसतो. भाडेकरू चांगली माणसं आहेत, आवाजच करत नाहीत." त्यांनी कपाळ पुसलं. "त्या बाईनं नाव विचारलं तेव्हा सांगणार होतो. खरंच. तोंड उघडलं होतं मी. पण कसं म्हणायचं? माझ्या तोंडानं, मलाच?"

हे सगळं ऐकून माझ्या मनात दया यायला हवी होती. लोकांना येते. माझ्या आत जे आलं ते उकळतं होतं आणि वर चढत होतं. याला हाक हवी होती! ज्या शिवीला अकरा वर्षं यानं ऐकू येत नाही असं दाखवलं, तिच्यावाचून याला आता झोप येत नाही. घर घेतलं, खोल्या घेतल्या, भाडं घेतलं, कबरीवरचं रडणं घेतलं, आणि आता बाबांचा रागसुद्धा हवाय, जेवणानंतर, खुर्चीत बसून.

रुदाइरो थकालला घेऊन आली. तिनं पट्टा सोडला. थकाल रिंगणाच्या मध्यावर जाऊन पडली, सरळ, पुढचे पाय लांब करून. मिसेस गोम्बेरा पलीकडं गुडघ्यांवर बसल्या, हात पसरले. "हनी! ये, हनी, ये बाळा!" काही नाही. लोक कुजबुजले. पुन्हा. काही नाही. एक पोरगं म्हणालं, मेली काय? मिसेस गोम्बेरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. त्यांनी इकडं बघितलं, कोट ओळखला. "आजोबा! तुम्हीच ना? या, तुम्ही मारून बघा हाक. शेवटची."

मोठेबाबा दोरीखालून आत गेले. डबा छातीशी धरलेला. "ए," ते म्हणाले. "ए... ए कुत्रे." थकालनं जांभई दिली. ते तसेच उभे राहिले, मग वळले, माझ्याकडं बघितलं आणि हळूच, जणू मला काहीतरी बक्षीस देताहेत अशा आवाजात म्हणाले, "तू मार रे सोको. माझी हरकत नाही."

माझी हरकत नाही. मी दोरी ओलांडून कधी आत गेलो ते मला माहीत नाही. मी कुत्रीकडं जात होतो, असं मला वाटलं होतं. मी तिच्या समोर बसणार होतो, तिच्या डोळ्यांत बघणार होतो. पण मी तिच्याकडं पाठ करून उभा होतो आणि माझ्या तोंडासमोर मोठेबाबांचं तोंड होतं, घामानं चमकणारं, आणि मी बापाच्या आवाजात, जो आवाज माझ्याकडं आहे हे मला ठाऊक नव्हतं, ओरडलो, "थकाल!" लाह्या सांडल्या. "थकाल! ऐकू येतंय का? थकाल! थकाल तुम्ही! कुठं आहात? थकाल!" रेडिओ नव्हता. मोठेबाबांना मोठं करायला काहीच नव्हतं. ते ऐकत राहिले.

आणि माझ्या पाठीमागून नखं वाजली. ती आली, धावत आली, माझ्या पायांना वळसा घालून, माझ्या बुटांपाशी बसली आणि शेपटी जमिनीवर आपटू लागली. टाळ्या वाजल्या. तिच्यात काहीच बिघाड नव्हता. तिला आयुष्यात कुणी तिच्याकडं बघून हाक मारलीच नव्हती. मिसेस गोम्बेरा प्रेमानं डोळ्यांत बघत होत्या, मी कानात कुजबुजत होतो. तिच्या लेखी ती हाक नव्हतीच. हाक म्हणजे माणूस दुसरीकडं तोंड करून, दुसऱ्या कुणावर तरी जीव खाऊन ओरडतो ती. मग आपण जायचं. मग जेवण मिळतं. मी खाली बघितलं, तिनं वर बघितलं. मला ती फारच ओळखीची वाटली.

मोठेबाबांनी खाली वाकून डबा उघडला. थकाल खायला लागली. ते तसेच वाकलेले, तिच्या पाठीकडं बघत, आणि म्हणाले, "थकलो." एवढंच. मोठ्यानं नाही. मग पुन्हा, "थकलो रे."

अकरा वर्षं एक माणूस मागच्या दारात उभा राहून या एका शब्दासाठी ओरडत होता. ताटली हातात, थंडीत, पावसात, छातीत दुखत असताना. आणि उत्तर आलं तेव्हा तो नाही. मी आहे, हिरव्या टी-शर्टात. मला नको होतं ते उत्तर. ते माझ्या नावचं नव्हतं. मला वाटलं त्यांच्या कोटाला धरून म्हणावं, थांबा, गिळा तो शब्द, आत्ता नाही म्हणायचा. त्यांना थकायचा काय अधिकार होता, बाबा गेल्यावर?

"घरी नेतो हिला," ते म्हणाले. "तिचं घर तेच आहे." माझ्याकडं दुसरी जागा नव्हती. भिंतीवर पाटी आहे. मिसेस गोम्बेरांनी डोळे पुसत पट्टा त्यांच्या हातात दिला. रुदाइरोनं पाटीवरचं 'हनी' खोडलं आणि ब्रश हातात धरून माझ्याकडं पाहिलं, मी नको अशी मान हलवली, तिनं फूल तेवढं ठेवलं.

फाटकाशी मोठेबाबा थांबले. "संध्याकाळी येत जाशील का सोको? सातला. मला हिला बोलावता येत नाही. दारात उभा राहून तू... मी असेन पुढं, खुर्चीत."

"पाहू या," मी म्हणालो.

ते दचकले. "तो तर मेला ना?"

कोम्बीवाला कुत्रीला घ्यायला तयार नव्हता, मग मोठेबाबांनी तिला कोटात गुंडाळली. ते गेले. संध्याकाळी सातला मी माझ्या खोलीत, अंधारात, दाराशी उभा होतो; हातात ताटली नव्हती तरी हात ताटली धरल्यासारखे होते. शहराच्या त्या टोकाला एक म्हातारा रेडिओ बंद करून खुर्चीत बसला असेल. मी दार लावून घेतलं. बसू दे.

सोमवारी ऑफिसात एकही तक्रार आली नाही. मी कोरा कागद घेतला, रीतसर समास सोडला, आणि लिहिलं. अर्जदार हा आपल्या कंपनीच्या साध्या योजनेखाली या वर्षी दफन झालेल्या ग्राहकाचा मुलगा असून, ग्राहकाच्या नावे आलेलं एक उत्तर चुकून अर्जदाराकडं पोहोचलं आहे. ते स्वीकारण्यास अर्जदार असमर्थ आहे. तरी सदर ग्राहकास एका संध्याकाळपुरतं, सातच्या सुमारास, कंबुझुमा येथील आवारातील मागच्या दारात उपस्थित राहण्याची परवानगी मिळावी. त्यांच्या जेवणाची सोय अर्जदार करील. मीठ कमी घालण्यात येईल. उत्तर ऐकून झाल्यावर, परत नेण्यापूर्वी, वेळ उरल्यास, त्यांनी अर्जदारास एकदा नावानं हाक मारावी. हाक मारताना तोंड अर्जदाराकडं असावं, ही नम्र विनंती. मी त्यावर शिक्का मारला आणि योग्य त्या कार्यवाहीसाठी तो वर पाठवला.